नव्वदीची कॅसेट

पिंक फ्लॉइडचा सगळ्यात चांगला अल्बम कोणता, याबद्दल नागपूरच्या माणसाचं मत बनतं ते नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर. निदान माझ्या पिढीचं तसं बनलं. लंडनमध्ये हे अल्बम मोठ्या चौकोनी पाकिटांतून, तबकडीवर आले. आमच्याकडे आले ते सीताबर्डीच्या दुकानातून ‘भरून’. कोरी कॅसेट नेऊन द्यायची, चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि काही दिवसांनी चक्कर टाकायची. तिच्या एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. १९७३चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ त्रेचाळीस मिनिटांचा, १९७५चा ‘विश यू वेअर हिअर’ चव्वेचाळीसचा. दोघंही एकेका बाजूत बरोब्बर मावत. त्यामुळे कित्येक घरांत या दोन अल्बमांची पाठ एकमेकांना चिकटलेली होती, आणि वाद म्हणजे तरी काय, कॅसेट कोणत्या बाजूनं लावायची हाच.

‘डार्क साइड’वाल्यांकडे आकडे असतात. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत सातशेहून जास्त आठवडे, म्हणजे एक पोरगं जन्मून दहावीला बसेपर्यंत हा अल्बम ठाण मांडून होता. पण मला त्यांचा दुसरा मुद्दा जास्त पटतो. तबकडीची पहिली बाजू संपते ती क्लेअर टोरीच्या आवाजावर. शब्द एकही नाही, नुसता आकांत. तीस पौंडांच्या बिदागीवर गाऊन ती घरी गेली आणि त्या रचनेची सहकर्ती म्हणून तिचं नाव लागायला २००५ साल उजाडावं लागलं. तो आवाज विझला की तबकडीवाल्याला उठून बाजू पालटावी लागे, आणि मग ‘मनी’ची खणखणती नाणी. आम्हाला उठावं लागत नसे. आकांत संपतो न संपतो तोच गल्ला वाजायचा. मूळ विकत घेणाऱ्यांच्या वाट्याला न आलेली ही सलगता भरून आणलेल्या कॅसेटनं आम्हाला फुकटात दिली. पुढे सीडीनं ती सगळ्यांनाच दिली, तो भाग निराळा.

दुकानदाराला मात्र कोरी जागा सोडवत नसे. शेवटचा हृदयाचा ठोका मंदावत गेला की उरलेल्या दोन मिनिटांत तो हाताला लागेल ते भरी. माझ्या कॅसेटवर ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ची गिटार सुरू होई आणि गाणारा जेमतेम तोंड उघडतो तोच पट्टी संपे. अजूनही ‘डार्क साइड’ संपला की कान त्या गिटारीची वाट बघतात.

‘विश’चं नागपुरात खरं वाकडं होतं ते कूलरशी. तो अल्बम उगवतोच इतका हलके की पहिला सूर कुठे सुरू झाला हे सांगता येऊ नये. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसवर असताना, खिडकीतला कूलर घरघरतोय, वाळ्याच्या ताटीवरून पाणी ठिबकतंय आणि टेपमधून काहीच येत नाही. “कूलर बंद कर ना बे, काहीच ऐकू नाही येऊन राहिलं!” कूलर बंद. मग घामानं निथळत, श्वास रोखून, डेव्हिड गिलमोरच्या गिटारीचे ते चार सूर येईपर्यंत बसायचं. इतका त्रास घेऊन ऐकलेल्या अल्बमला कोणी वाईट म्हणेल?

माझं मत ‘विश’लाच. ५ जून १९७५ रोजी ॲबी रोड स्टुडिओत एक जाडा, डोक्याचे आणि भुवयांचेही केस काढलेला माणूस येऊन बसला होता आणि बराच वेळ कोणालाच त्याची ओळख पटली नव्हती. तो सिड बॅरेट होता. ज्यानं हा बँड उभा केला आणि मनाची घडी विस्कटल्यावर १९६८ साली जो त्यातून बाहेर पडला, तो. ज्याच्या नसण्यावर अल्बम चालला होता, तोच समोर बसलेला. हे ठाऊक नव्हतं तेव्हाही त्या संगीतात कोणाची तरी जागा रिकामी ठेवल्यासारखी वाटायची. ‘डार्क साइड’मध्ये सगळं आहे, वेळ, पैसा, वेड, मरण, आणि ते इतकं नेमकं बसवलेलं आहे की मला शिरायला फट सापडत नाही.

आमच्यातला एक जण मात्र १९७७च्या ‘ॲनिमल्स’वर अडून बसलेला. त्याच्या मुखपृष्ठावर बॅटरसीचं वीजकेंद्र आहे, चार धुराडी आणि मधे तरंगणारं फुगवलेलं डुक्कर. फोटो काढताना ते डुक्कर दोर तोडून उडालं आणि केंटमधल्या एका शेतात जाऊन पडलं. ह्याचं बालपण कोराडीच्या वीजवसाहतीत गेलेलं. “तुमाले राख माहीत आहे का बे? गच्चीवर वाळत टाकलेल्या कपड्यावरची?” असं तो विचारी. धुराड्याखाली राहिलेल्या माणसालाच तो अल्बम कळतो, असं त्याचं म्हणणं. यावर आम्हा धरमपेठेतल्यांकडे उत्तर नसे. २००७च्या फेब्रुवारीत बँडच्या एके काळच्या रॉजर वॉटर्सनं मुंबईत अख्खा ‘डार्क साइड’ वाजवला. विदर्भ एक्सप्रेसनं जाऊन तो ऐकून आल्यावरही हा ‘ॲनिमल्स’वरून तसूभर हलला नाही.

राहिला १९७९चा ‘द वॉल’. दोन तबकड्या, एक्याऐंशी मिनिटं. त्याला एक अल्बम धरायचा की दोन, यावर अजून एकमत नाही. त्याच्या भक्ताचा दावा असा, की नव्वदीची अख्खी कॅसेट एकट्यानं अडवतो तो हाच, दुसऱ्या कोणाला पाठीला चिकटू देत नाही. कोराडीवाल्यानं तो ऐकून घेतला, चहाचा कप खाली ठेवला आणि निकाल दिला, “ज्याच्या मागच्या बाजूले दुसरा कोणीच नाही, त्याची कुस्ती लावाची कोणासंगं?” ‘वॉल’वाला आता नियम बदलून मागतो आहे.