पाच मिनिटांचे काम

नांदेडहून लातूरला जाणाऱ्या एस.टी.त खिडकीजवळची जागा मिळाली की माणसाने दुसरे काही मागू नये. गोदावरीचा पूल ओलांडला, लोहा मागे पडले, आणि दोन्ही बाजूंना पिवळे पडू लागलेले सोयाबीन दिसू लागले.

शेजारी माझा भाचा बसला होता. संकेतस्थळे बांधणे हा त्याचा व्यवसाय. त्याच्या आजीच्या भाषेत, 'कॉम्प्युटरचं काहीतरी'. मांडीवर लॅपटॉप आणि कानाला फोन. अहमदपूर येईपर्यंत तीन गिऱ्हाइके बोलून झाली. एकाला दुकानाचे नाव आणखी मोठे हवे होते. दुसऱ्याला हिरवा रंग 'जरा उठावदार' हवा होता. तो त्याने बसल्या जागी बदलून दिला. तिसऱ्याचे पान साऱ्या जगाला नीट दिसत होते, फक्त त्याच्या मुलाच्या मोबाइलवर दिसत नव्हते! तिघांचेही शेवटचे वाक्य मात्र एकच: "पाच मिनिटांचं तर काम आहे!"

"मामा, असल्या पाच-पाच मिनिटांत माझ्या रात्री जातात," तो म्हणाला. "काम नीट झालं तर कुणाला दिसत नाही. चुकलं की लगेच आठवण. सोडून द्यावं म्हणतो."

मला हसू आले. वीस वर्षे मी मुलांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो आहे. मला तरी कोण विचारतो?

लातुरात आमचे काम गंजगोलाईपाशी होते. १९१७ सालची ती गोल इमारत, मधोमध जगदंबेचे देऊळ आणि चहूकडे फुटणारे सोळा रस्ते! तिथल्या एका चहाच्या दुकानात एक निवृत्त गुरुजी आमची वाट पाहत बसले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गेली. त्यात गुरुजींचे गाव गेले. घरोघर विचारून त्यांनी मृतांची नावे एका वहीत उतरवली आणि पुढे ती टाइप करून घेतली. गाव सोडून गेलेल्यांच्या नातवंडांना ती फोनवर वाचता यावीत, एवढीच त्यांची इच्छा.

पण जुन्या फाँटची गंमत अशी की, वर दिसे मराठी अक्षर आणि आत साठवलेली असे इंग्रजी अक्षराची खूण. फाँट बदलला की मराठीचा पाचोळा! १९९१ साली युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक मिळाले. जुना मजकूर त्यात आणावा लागतो, आणि भाच्याने तो आणला होता.

गुरुजींचे बोट यादीवरून सरकत एके ठिकाणी थांबले.

"बाळा, हे 'कुर्हाडे' झालंय. 'कुऱ्हाडे' पाहिजे."

डोक्यावरचा रफार आणि मराठीचा तो आडवा र यांतला फरक रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला कळला नव्हता. 'आचार्यास' म्हणजे गुरूला आणि 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्याला, हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात. इथे कोणी हसले नाही.

"माझ्याच वर्गात होता," गुरुजी म्हणाले. "हजेरीत नाव चुकलं की 'हजर' म्हणायचा नाही."

भाच्याने मुकाट्याने लॅपटॉप उघडला.

"लई वेळ लागंल का रे?" गुरुजींनी संकोचून विचारले.

"नाही गुरुजी. पाच मिनिटांचं काम आहे."

गुरुजी वहीतून एकेक नाव वाचत होते, मी पडद्यावर ताडून पाहत होतो आणि भाचा दुरुस्त करत होता. चहा तीनदा झाला. शेवटचे नाव झाले तेव्हा गोलाईतले दिवे लागले होते. गुरुजींनी वही फडक्यात बांधली आणि भाच्याच्या पाठीवरून हात फिरवला.

परतीच्या एस.टी.त तो नोकरीबद्दल काहीच बोलला नाही. अहमदपूरच्या अलीकडे फोन वाजला. सकाळचा हिरवा रंग आता जरा जास्तच उठावदार झाला होता.