ओंडक्याची खालची बाजू

जंगलात पडलेल्या ओंडक्याची वरची बाजू उन्हापावसाची असते. तिच्यावर शेवाळ चढतं, नेचे उगवतात, पक्षी येऊन बसतात. जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसते तीच. खालची बाजू मात्र मातीकडे तोंड करून पडलेली असते. माझं मन गुंतलं आहे ते या खालच्या बाजूत.

सह्याद्रीत आषाढ सरत आला की देवराईतल्या ओंडक्यांची ही बाजू भरून येते. कधी वादळात कोसळलेली आंब्याची मोठी फांदी असते, कधी हिरड्याचं नाहीतर जांभळीचं जुनं खोड. आधी काठीनं जरा हलवून बघावं, कारण खाली फुरसं किंवा विंचू असू शकतो. मग पलीकडची कड उचलून ओंडका सावकाश आपल्याकडे कलता करावा, म्हणजे खाली जे कोणी असेल त्याला पलीकडून निघून जायला वाट मिळते. आता वाकून पाहावं. लाकडावर कुणीतरी हलक्या हातानं सारवून ठेवावं, तसा एक पातळ थर पसरलेला असतो. कुठे दुधी, कुठे जर्द, कुठे विटकरी, कुठे जांभळट राखी. त्याला ना दांडा, ना छत्री. भिंग लावलं की एखादा थर अगदी गुळगुळीत दिसतो, दुसऱ्यावर सुरकुत्या असतात, तिसऱ्यावर बारीक दातांची दाटी. कडेला पांढरे तंतू लाकडावर पुढे पुढे सरकताना दिसतात. या पापुद्र्यासारख्या बुरशा. अळंबीच्या मोसमात टोपली घेऊन हिंडणाऱ्याचंही यांच्याकडे सहसा लक्ष जात नाही.

त्यांनी खालचीच बाजू का धरली, हे समजून घेतलं की त्यांचा शहाणपणा कळतो. तिथे ओल टिकते, ऊन पोचत नाही, आणि मुख्य म्हणजे पृष्ठभाग खाली तोंड करून असतो. बीजाणू सुटला की त्याला मोकळ्या हवेत पडायचं असतं. छत्रीवाल्या अळंबीला त्यासाठी दांडा उभारावा लागतो, वर छप्पर करावं लागतं. इथे छप्पर ओंडक्यानंच दिलेलं आहे. बीजाणू सुटण्याची रीतही विलक्षण आहे. त्याच्या बुडाशी हवेतल्या ओलाव्यातून पाण्याचा एक सूक्ष्म थेंब जमतो, फुगत जातो, आणि बीजाणूच्या अंगावरच्या पाण्याला टेकला की क्षणात त्यात मिसळतो. त्या झटक्यानं बीजाणू उडी घेतो. उडी मिलिमीटरच्याही अंशाएवढी, पण थरापासून सुटायला तेवढी पुरते. कॅनडातल्या विनिपेगमध्ये काम करणारे बुरशीशास्त्रज्ञ बुलर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्षानुवर्षं हे सूक्ष्मदर्शकातून पाहत बसले. त्या थेंबाला आज त्यांचंच नाव आहे.

दिसतो तो थर म्हणजे फक्त बीजाणू सोडण्याची जागा. खरी बुरशी आत आहे, लाकडाच्या पेशीपेशींतून शिरलेल्या तंतूंमध्ये. लाकूड म्हणजे सेल्युलोजचे धागे आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारं लिग्निन. हे लिग्निन पूर्णपणे फोडू शकणारे जीव सृष्टीत मोजके, आणि त्यांत यांतल्या कितीतरी बुरशा आहेत. फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम ही त्यांतलीच एक. १९८३ साली अमेरिकेतल्या संशोधकांना तिच्यात लिग्निन फोडणारं विकर सापडलं, आणि २००४ साली तिचा अख्खा जनुकसंच प्रसिद्ध झाला. अळंब्या आणि छत्र्या ज्या मोठ्या गटात मोडतात, त्या गटात हा मान पहिल्यांदा मिळाला तो या साध्या पापुद्र्याला.

असा कुजता ओंडका आडवा कापला, तर आत नकाशासारख्या काळ्या रेषा दिसतात. एकाच लाकडात शेजारी शेजारी राहणाऱ्या वेगवेगळ्या बुरशांनी आखून घेतलेल्या या हद्दी. बाहेरून निपचित दिसणाऱ्या लाकडात अशी वस्ती नांदत असते.

पूर्वी शास्त्रज्ञांनी हे बहुतेक सगळे पापुद्रे एकाच कुळात घातले होते. डीएनए वाचता येऊ लागला तेव्हा ते कूळ विस्कटलं. एक पापुद्रा छत्रीवाल्या अळंबीचा जवळचा नातेवाईक निघाला, दुसरा अगदी दूरच्या घराण्यातला. म्हणजे लाकडाला अंग टेकून राहण्याची ही रीत निसर्गानं पुन्हा पुन्हा निवडली. टोमेंटेलासारखे काही पापुद्रे तर लाकूड खाण्यासाठी तिथे नसतातच. ते जिवंत झाडांच्या मुळांशी देवाणघेवाण करून जगतात, ओंडका त्यांना टेकायला हवा असतो. युरोपातल्या ओलसर जंगलांत पडलेल्या फांद्यांखाली एक गर्द निळा पापुद्रा असतो. जर्मनीत २००९ साली त्याला त्या वर्षाची बुरशी म्हणून निवडलं गेलं. एका पापुद्र्याचं एखाद्या देशानं असं कौतुक करावं, याचा मला फार आनंद वाटतो.

आपल्याकडे असं निवडलेलं नाव नाही, पण जागा आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. कितीतरी देवरायांत नियम असा, की उभं झाड तोडायचं नाहीच, पण पडलेलं लाकूडही उचलायचं नाही. ते देवाचं. देवराई राखणाऱ्या गावकऱ्यांनी हे पापुद्रे भिंगातून पाहिले नसतील, तरी या पापुद्र्यांना घर मिळालं ते या नियमामुळे. झाडानं जन्मभर साठवलेलं अन्न इथेच, याच मातीत परत जातं. ओंडका उचलून नेला की ते देवराईबाहेर जातं.

आता बऱ्याच ठिकाणी देवळाचा जीर्णोद्धार निघतो, फरशी बसते, आवार स्वच्छ करायचं म्हणून पडलेली झाडं ओढून नेली जातात. चूल पेटवायला मोळी नेणाऱ्या बाईला मी बोल लावणार नाही. तिची गरज खरी आहे. पण देवराईतलं, बागेतलं, सोसायटीच्या कोपऱ्यातलं लाकूड केवळ नीटनेटकेपणासाठी हलवणाऱ्यांना माझी विनंती आहे: एक तरी ओंडका जागच्या जागी कुजू द्या. पाहायला उलटवलात, तर पाहून झाल्यावर होता तसाच पालथा ठेवा. खालची बाजू खालीच राहिली पाहिजे.