वैश्विक तंतूभोवतीचे निर्वात

वैश्विक तंतू म्हणजे विश्वाच्या बाल्यातला न भरलेला व्रण. तप्त विश्व झपाट्याने निवत असताना निर्वाताची घडी सगळीकडे सारखी बसली नाही. जिथे ती जुळली नाही, तिथे जुन्या अवस्थेच्या बारीक रेघा अडकून राहिल्या असाव्यात, असे टॉम किबल यांनी १९७६ मध्ये मांडले. अणुकेंद्रकापुढेही नगण्य जाडीचा हा तंतू वजनाला मात्र भारी. जड प्रकारच्या तंतूच्या काहीशे मीटरांत चंद्राएवढे वस्तुमान मावते.

तरीही सरळ तंतू शेजारच्या स्थिर दगडाला तसूभरही ओढत नाही. तो फक्त अवकाशाचा आकार बदलतो. गोल कागदातून पाचर कापून कडा जोडल्या, तर कागद कुठेही ताणला जात नाही, पण टोकाभोवतीची फेरी ३६० अंशांपेक्षा कमी भरते. तंतूभोवतीचे अवकाश असेच शंकूसारखे असते.

क्वांटम सिद्धांतात निर्वात म्हणजे निव्वळ पोकळी नव्हे. प्रत्येक क्षेत्राचे स्पंदन तिथे चालूच असते. फेरी आखूड झाली की या स्पंदनांची बैठक बदलते आणि रिकाम्या जागेतली ऊर्जा ढळते. प्रकाशाच्या क्षेत्राबाबत हा परिणाम अंतर दुप्पट होताच सोळाव्या हिश्श्यावर येतो. कॅसिमिर यांनी १९४८ मध्ये दोन धातुपट्ट्यांमध्ये वर्तवलेला परिणाम याच जातकुळीचा.

तंतूच्या गाभ्यात चुंबकीय क्षेत्र कोंडलेले असेल, तर गोष्ट अधिक देखणी होते. बाहेर ते क्षेत्र शून्य असते, त्यामुळे जुन्या भौतिकीप्रमाणे बाहेरच्या विद्युतभाराला त्याचा पत्ताही लागू नये. पण कोंडलेल्या क्षेत्राला वळसा घालणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या तरंगाची कला बदलते, हे अहारोनोव्ह आणि बोम यांनी १९५९ मध्ये दाखवले. १९८६ मध्ये जपानमध्ये अकिरा टोनोमुरा यांनी अतिवाहकाने मढवलेल्या चिमुकल्या चुंबकीय कड्यावर त्याची निःसंशय प्रचिती घेतली. तंतूभोवती असा इलेक्ट्रॉन फिरत नसला, तरी विद्युतभारित क्षेत्राचे स्पंदन असतेच. डावीकडून आणि उजवीकडून घातलेले वळसे मग समतुल्य उरत नाहीत, आणि एकही कण नसलेल्या जागेत तंतूभोवती विद्युतप्रवाह उमटतो. त्या प्रवाहाचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असते. जिथे क्षेत्र नव्हतेच, तिथे निर्वात ते घडवते. कोंडलेल्या क्षेत्राचा एकूण अभिवाह ठरावीक एककाच्या पूर्ण पटीत असेल, तर मात्र हा प्रवाह नाहीसा होतो. मोल फक्त अपूर्णांकाला आहे. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत ते एकक सुमारे ४.१४ × १०⁻¹⁵ वेबर, आणि परिणामाचा पल्ला मीटरच्या एक अब्जांश भागाहूनही कितीतरी तोकडा.

शंकूसारख्या अवकाशामुळे तंतू दूरच्या दीर्घिकेच्या दोन अगदी जुळ्या प्रतिमा दाखवील, या आशेने खगोलशास्त्रज्ञ आकाश धुंडाळतात. हस्त नक्षत्राच्या परिसरातल्या ‘सीएसएल-१’ या जोडीने अशीच आशा जागवली होती. २००६ मध्ये हबल दुर्बिणीने त्या दोन वेगवेगळ्या दीर्घिका असल्याचे स्पष्ट केले. आजवर एकही वैश्विक तंतू सापडलेला नाही.