बरं करायला कोणी नसताना

भाच्यानं फुलस्केप कागदावर पट्टीनं आडव्या रेघा मारल्या आणि डावीकडे वरून खाली एस, ए, बी, सी, डी अशी अक्षरं घातली. २०२३चा मे महिना, दुपारी लाइट गेलेली. खेळता येत नव्हतं म्हणून आम्ही दोघं खेळाबद्दल बोलत बसलो होतो. ‘एल्डन रिंग’मधल्या पवित्र मंत्रांची प्रतवारी लावायची, असं त्यानं ठरवलं. सगळ्यात कामाचे एसमध्ये, बिनकामाचे डीमध्ये. पेनाचं टोपण काढून त्यानं पहिलंच नाव तळाच्या रकान्यात लिहिलं: हील.

माझ्या काळजात चर्र झालं. त्या एका मंत्राच्या जोरावर मी वर्षभर त्या जगात तग धरून होते.

“मावशी, रागावू नकोस, पण तूच बघ,” तो म्हणाला. “तुझा हील म्हणून होईपर्यंत बॉस दोन फटके ठेवून देतो. लाल कुपी एका घोटात काम करते. शिवाय हीलला लागणारी शक्ती भरून काढायला निळ्या कुप्या ठेवाव्या लागतात. लाल-निळ्या मिळून कुप्या जास्तीत जास्त चौदा. मग सरळ लालच जास्त ठेवाव्यात की!”

हिशेब चोख होता. मला त्यात एक चूक दाखवता आली नाही, आणि तरी ते नाव तिथं बघवेना.

जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीनं हा खेळ २५ फेब्रुवारी २०२२ला आणला. दिग्दर्शन हिदेताका मियाझाकी यांचं, आणि त्या जगाचा पुराणकाळ रचायला लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन. सोन्यासारखा झळाळणारा एक अवाढव्य वृक्ष त्या आभाळात उभा आहे. त्याला एर्डट्री म्हणतात. दरीत उतरा, चिखलातून जा, मागे वळून पाहिलं की तो दिसतोच. त्या वृक्षाची राणी मरिका, तिनं घालून दिलेली सोनेरी व्यवस्था, आणि ती व्यवस्था मोडून पडल्यानंतर उरलेले राजपुत्र, भ्रमिष्ट सरदार, ओसाड देवळं. आपण त्या पडझडीतून चालत राहायचं.

खेळ सुरू करताना आपण कोण ते निवडावं लागतं. मी प्रॉफेट निवडला. अशुभ भाकितं केली म्हणून लोकांनी हाकलून दिलेला, डोळ्यांवर पट्टी बांधलेला माणूस. एका हातात तोकडा भाला, दुसऱ्या हातात मंत्र म्हणताना धरायची मुद्रा. गाठीशी दोन मंत्र, एक आग पेटवण्याचा आणि एक बरं करण्याचा. या जगात श्रद्धेलाही आकडा असतो. माझी सुरुवातीलाच सोळा होती. पुढं मी जे काही कमावलं, ते बहुतेक सगळं त्याच आकड्यात घातलं. ताकद कमी राहिली, चिलखत हलकं राहिलं, पण श्रद्धा वाढत गेली. हात वर करून सोनेरी उजेड अंगावर घ्यायचा तो क्षण मला इतका आवडायचा की कित्येकदा लाल कुपी शिल्लक असतानाही मी हीलच म्हणायचे.

या खेळांतला असा पुरोहित जुना आहे. १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापलं, तेव्हापासून तो सोबत आहे. त्या पहिल्या नियमांत पहिल्या पातळीवरच्या पुरोहिताला एकही मंत्र मिळत नसे. गदा घ्यायची, चिलखत घालायचं आणि देवाच्या नावावर निघायचं. मंत्र मागून यायचा. मला हे फार योग्य वाटतं.

भाच्याचा कागद भरत चालला. एसमध्ये गोल्डन व्हाव गेला, आणि त्याबद्दल वाद नव्हता. श्रद्धा पंचवीस झाली की हा मंत्र म्हणता येतो. मग ऐंशी सेकंद आपला वार पंधरा टक्क्यांनी जड होतो आणि लागणारा मार दहा टक्क्यांनी हलका. जवळ उभ्या असलेल्या सोबत्यालाही त्याचा लाभ. बॉसच्या दारातल्या धुक्याच्या पडद्यापाशी थांबून मी तो म्हणत असे, आणि मग उरलेले सेकंद मनात मोजत आत शिरत असे.

लिटनी ऑफ प्रॉपर डेथ त्यानं सीमध्ये टाकला, कारण तो प्रेतांपुरताच कामाचा. त्या जगातले सांगाडे मारले तरी पुन्हा उठून बसतात. या मंत्राचा उजेड पडला की ते उठत नाहीत. माझी आजी ज्याला ‘गती मिळणं’ म्हणायची, तेच हे. सुरुवातीला मी तो समाधानानं म्हणायचे. पुढं फिया भेटली. मेल्यावरही जगत राहिलेल्यांना जगू द्यावं, म्हणून झटणारी बाई. तिचं म्हणणं ऐकल्यावर माझा हात अडखळायला लागला. मंत्र तेवढाच प्रभावी होता. आपण कुणाला गती देतोय आणि कुणाला नुसतंच पुसून टाकतोय, हे मात्र मला कळेनासं झालं.

भाच्याचा खरा आक्षेप वेगळा होता, आणि तो मला आजही बिनतोड वाटतो. “पवित्र मंत्रांचा मारच कुचकामी आहे,” तो म्हणाला. “शेवटी ज्याच्यासमोर उभं राहायचं, त्यालाच तो लागत नाही.” खरं आहे. शेवटच्या लढाईत रॅडागन आणि त्याच्यामागून येणारा एल्डन बीस्ट, दोघांच्याही अंगावरून पवित्र उजेड जवळजवळ ओघळून जातो. ते त्याच उजेडाचे बनलेले. जन्मभर श्रद्धा वाढवत आलेल्या माणसाला देवाच्या दारात कळतं, की आपल्या हातात आहे ते त्यानंच दिलेलं, त्याला त्याचं काय. मी ती लढाई भाल्याच्या टोकानं जिंकले. मंत्र वापरला तो फक्त स्वतःच्या जखमांसाठी.

संध्याकाळी लाइट आली, पंखा फिरला, कागद उडाला. तो मी उचलून ठेवला. अजूनही आहे, टीव्हीच्या खालच्या कप्प्यात.

त्या कागदावर बीमध्ये शेजारी शेजारी दोन नावं आहेत: ट्रिपल रिंग्ज ऑफ लाइट आणि रॅडागन्स रिंग्ज ऑफ लाइट. दोन्हींत उजेडाच्या कड्या सुटतात, शत्रूला कापत जातात. प्रतवारी त्यापलीकडे जात नाही. खेळात मात्र प्रत्येक मंत्राखाली चार ओळी लिहिलेल्या असतात, आणि त्या सावकाश वाचायची मला सवय आहे. पहिला मंत्र लहानग्या मिकेलानं आपल्या बापाला, रॅडागनला, भेट म्हणून दिला. बापानं त्याची परतभेट म्हणून दुसरा बनवून दिला. एका घरातल्या बाप-लेकाची ही देवाणघेवाण. पण मिकेलाची जुळी बहीण मलेनिया जन्मतःच सडवणारा रोग घेऊन आलेली. बापाच्या पंथातल्या एवढ्या विद्येला तिच्या रोगावर काही करता येईना, तेव्हा त्या मुलानं तो पंथच सोडला. बहिणीला बरं करील असं दुसरं सोनं शोधायला लागला.

म्हणजे मंत्र कामाचा की बिनकामाचा हे त्या मुलानं एकाच कसावर पाहिलं. तिच्या अंगाला आराम पडतो का? पडत नाही, तर बापानं प्रेमानं दिलेलं असलं तरी पुरेसं नाही. भाच्याच्या कागदावर हा कस कुठंच नव्हता. तिथं सगळे मंत्र कुणाला तरी मारण्याच्या मापानं मोजले होते.

जुलैत तो इंजिनीअरिंगला दुसऱ्या शहरात गेला. रात्री जेवणानंतर आम्ही दोघं एकच पासवर्ड टाकून एका जगात उतरायचो. जमिनीवरची त्याची सोनेरी खूण मी दाबली की तो उजेडाच्या आकृतीसारखा उभा राहायचा. दुसऱ्याच्या जगात मदतीला आलेल्याच्या कुप्या अर्ध्यावर येतात. त्यामुळे तिथं हीलला अचानक किंमत आली. तो पुढं धावायचा, मी मागून उजेड पाडायचे, आणि त्याच्या नावाशेजारची लाल पट्टी पुन्हा भरत जायची. मला त्या पट्टीकडे पाहायची सवयच लागली. दिवसभरात त्याचा फोन आला नाही तरी चालायचं, रात्री ती पट्टी दिसली की झालं.

ऑक्टोबरमध्ये त्याला हॉस्टेलवर डेंगी झाला. माझी बहीण त्याच रात्रीच्या गाडीनं गेली. मला इथून हलता येत नव्हतं. तिचे फोन यायचे आणि त्यात एकच आकडा असायचा, प्लेटलेट्सचा. सकाळचा, मग संध्याकाळचा. चौथ्या दिवशी त्यानं स्वतः फोन केला, आवाज अगदी पडलेला. म्हणाला, “मावशी, तू खेळ ना. मी नुसता बघत पडतो.” मी टीव्हीसमोर फोन उभा करून ठेवला आणि त्याला आवडायचं त्या लिमग्रेव्हच्या किनाऱ्यावर घोड्यावरून फिरत राहिले. लढले नाही कुणाशी. एका ठिकाणी उतरले आणि हात वर करून हील म्हटला. जमिनीवर सोनेरी वर्तुळ पसरलं. माझी पट्टी भरलेलीच होती. मी पुन्हा म्हटला.

“वाया घालवतेयस,” फोनमधून आवाज आला.

“असू दे,” मी म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटला तेव्हा त्याला झोप लागली होती.

तो बरा झाला. सलाइननं, डॉक्टरांनी, त्याच्या आईच्या जागरणानं. मला त्याबद्दल काही वेगळं म्हणायचं नाही.

२१ जून २०२४ला खेळाचा पुढचा भाग आला, ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’. त्या सावलीच्या मुलखात बॉनी नावाचं एक गाव लागतं. माणसांना कापून रांजणांत कोंबायचे ते हे गाव. ज्यांना कोंबलं, त्यांच्यात मरिकाच्या माहेरची माणसं होती, शामन बायका. त्या गावात आपल्याला एक हावभाव शिकायला मिळतो. त्याचं नाव ‘ओ मदर’. पुढं एका किल्ल्याच्या मागं मरिकाची मूर्ती आहे. तिच्यासमोर तो हावभाव केला की वाट उघडते. आई गं, अशी हाक मारल्याशिवाय त्या माहेराला रस्ता नाही.

आत गेल्यावर लढायला कोणीच नाही. उतारावर फुलं, चार-दोन लाकडी घरं, वारा. एका झाडाच्या खोडाशी सोनेरी केसांची कापलेली वेणी. मरिकानं आजीला वाहिलेली. ती वेणी आपण ताईत म्हणून बाळगू शकतो, आणि पवित्र माराविरुद्ध तिच्याइतकं संरक्षण दुसऱ्या कुठल्या ताइतात नाही. या भागाच्या शेवटच्या लढाईत आभाळातून उजेड कोसळतो, तो मिकेलाचा. तो मरिकाचाच मुलगा. मुलाच्या उजेडापासून मला वाचवलं ते आईनं कापून ठेवलेल्या केसांनी.

आणि मरिकाच्या त्या माहेरच्या गावात एक मंत्र मिळतो, मायनर एर्डट्री. तो म्हटला की जमिनीतून सोनेरी उजेडाचं एक लहान झाड उगवतं, थोडा वेळ उभं राहतं, आणि त्याच्या छायेत असेल त्याच्या जखमा भरत जातात. खालच्या ओळींत लिहिलंय ते असं, की हा मरिकाचा गुपित मंत्र. यात व्यवस्था नाही, पंथ नाही, नुसता सोन्याचा मायाळूपणा आहे. बरं करायला तिथं कोणी उरलेलं नाही हे ठाऊक असूनही तिनं आपलं गाव या उजेडात न्हाऊ घातलं होतं.

मी रिमोट खाली ठेवला आणि बराच वेळ त्या ओळींकडे बघत बसले. ज्या राणीच्या नावावर एवढी युद्धं झाली, जिच्या दुसऱ्या एका मुलानं अख्खा मुलूख जाळला, तिच्या हातचा पहिला मंत्र बहुधा हा असावा, असं मला वाटतं. खेळ तसं सांगत नाही. पण आभाळ व्यापणारा तो मोठा वृक्ष मला त्या दिवसापासून याच लहान झाडाचा वाढलेला हट्ट वाटतो.

दिवाळीत भाचा आला. फराळाची ताटली मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, दाखव ते गाव. मी त्या फुलांच्या उतारावर जाऊन उभी राहिले आणि मुद्रा वर केली. झाड उगवलं. दोघांच्या तोंडावर टीव्हीचा पिवळा उजेड पडला. माझी लाल पट्टी भरलेली होती, निळी झरकन खाली आली. रिकाम्या घरांच्या भिंती तेवढ्या वेळापुरत्या उजळल्या, आणि मग झाड विरून गेलं.

मी खालच्या कप्प्यातून तो फुलस्केप कागद काढून त्याच्यासमोर धरला. त्यानं तो घेतला, हीलच्या नावावरून अंगठा फिरवला, पाचही रकाने वरून खाली पाहिले. मग घडी घालून बाजूला ठेवला.

“निळी कुपी आहे का अजून?” त्यानं विचारलं.

“दोन आहेत.”

“पी,” तो म्हणाला. “आणि पुन्हा लाव.”