शेवटची बादली

सातवीच्या वर्गात धड्यात ‘हम्माम’ शब्द आला. अर्थ विचारला तर एक पोरगा म्हणाला, “मॅडम, साबन!” वर्ग हसला, मीही हसले. पण बी.एड. होऊनही हम्माम मी तरी कुठे पाहिला होता? तुर्कस्तानातला पुस्तकात, आणि फिनलंडचा सौना वर्तमानपत्रात. त्या देशात माणसं 55 लाखांच्या आसपास आणि सौने सुमारे 30 लाख. आत तापून निघायचं आणि थेट गारठलेल्या तळ्यात उडी घ्यायची. 2020 मध्ये युनेस्कोने ही रीत वारसा म्हणून नोंदवली. ते वाचताना मला अम्मी आठवली.

सोलापुरात आमच्या घरी तांब्याचा बंब होता. थंडीच्या दिवसांत फजरच्या आधी अम्मी तो पेटवायची. पहिली बादली अब्बांची, मग भावांची, मग माझी. अम्मीची पाळी येईपर्यंत पाणी गार झालेलं असायचं. “मेरेकू ठंडा पानीच अच्छा लगता,” ती म्हणायची. आम्ही ते खरं मानलं. मानणं सोयीचं होतं.

आता ती माझ्याकडे, सारसोळ्याला असते. खाडीकाठची थंडी ती काय! तरी गुडघे धरतात. घरात गीझर आहे, पण अम्मी बटनाला हात लावत नाही. मीटर पळतं म्हणते.

एका जानेवारीत तिला घेऊन पालीजवळच्या उन्हेऱ्याला गेले. पालघरपासून राजापूरपर्यंत कोकणात असे उन्हाळे, म्हणजे गरम झरे, आहेत. ज्वालामुखी वगैरे काही नाही. खडकाच्या भेगांतून पाणी खोल झिरपतं, तिथे तापतं आणि दुसऱ्या फटीतून वर येतं. उन्हेऱ्याला बायकांचं कुंड वेगळं, आडोशाचं. जवळच विठ्ठल-रखुमाईचं मंदिर. बुरख्यात आत जाताना माझी पावलं अडखळली, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात एक आजी पाण्यातूनच ओरडल्या, “अगं, आत या नाहीतर बाहेर व्हा! दारात उभ्या राहू नका, वारा लागतोय!” झाली ओळख.

पाण्याला गंधकाचा वास होता. अम्मी आधी पायरीवर बसली, मग हळूहळू गळ्यापर्यंत उतरली. बराच वेळ बोललीच नाही. नंतर विचारलं, “इसकू लकड्या कौन डालता गे?” मी वर्गात सांगते तसं भेगांचं समजावू लागले. तिचं लक्ष नव्हतं. पाण्यात हात फिरवत म्हणाली, “सबका नहाना हुआ तो बी ठंडा नै होता.”

बाहेर गार पाण्याची बादली होती. फिनलंडची हौस मला! तांब्याभर पाणी अंगावर घेतलं आणि किंचाळलेच. अम्मीला रक्तदाब आहे. अशा माणसाने गरमातून एकदम गारात जाऊ नये, रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून तिला म्हटलं, “तू नको हं घेऊ.”

“मैं कायको लेती?” ती म्हणाली. “मेरेकू ठंडा पानी कबीच अच्छा नै लगा.”

आजी हसल्या. मी तांब्या खाली ठेवला. अम्मी परत कुंडात उतरली.