वस्तऱ्याचें पाणी

आमच्या तीर्थरूपांच्या मागें राहिलेल्या वस्तूंत एक वस्तरा होता. मूठ काळी, पातें पोलादी आणि पात्याच्या बुडाशीं ‘सोलिंगेन’ हीं अक्षरें. लहानपणीं आम्हांस तें कारागिराचें नांव वाटे. तें जर्मनींतील एका गांवाचें नांव आहे, हें पुढें शाळेंत नकाशा शिकवूं लागल्यावर कळलें.

गेल्या वर्षीं नातवाच्या मुंजीस हाच वस्तरा वापरावा असें आमच्या मनानें घेतलें. पातें गंजानें डागळलें होतें. चिरंजीवांच्या विजेच्या यंत्रास कांचकागदाची चकती लावून आम्ही स्वतःच तें घांसावयास बसलों. पांच मिनिटांत पातें आरशासारखें झालें, आणि धारेच्या कडेस मोरपिसासारखी निळी झांक आली. आम्हांस ती शोभाच वाटली! मुंजीच्या दिवशीं घरच्या वृद्ध न्हाव्यानें तो वस्तरा उजेडांत धरला आणि हलकेच बाजूस ठेवला. “गुरुजी, ह्याचं पाणी उतरलं,” एवढेंच बोलून त्यानें धोकटींतून आपला वस्तरा काढला. चार पाहुण्यांत आम्हांस मान वर करवेना. वडिलांची वस्तु आम्ही आपल्या हातानें मारली होती.

यंदा कन्येकडे ड्युसेलडॉर्फ येथें जाण्याचा योग आला, तेव्हां तो वस्तरा आम्ही सामानाच्या पेटींत तळाशीं ठेवला. तेथून सोलिंगेन आगगाडीनें फार लांब नाहीं. जावईबापू दुभाषे म्हणून बरोबर होते. स्टेशनाबाहेर पडतांच डोक्यावरील तारांतून वीज घेऊन धांवणारी बस भेटते. ही सोय तेथें 1952 पासून आहे. या गांवास नगराचे हक्क मिळाले 1374 सालीं. 1938 सालीं तर ‘सोलिंगेन’ या नांवाच्या रक्षणासाठीं कायदा झाला. भलत्या ठिकाणच्या पात्यावर तें नांव घालतां येत नाहीं. 1944 च्या नोव्हेंबरांत बाँबवर्षावानें जुनें गांव जवळजवळ नाहींसें झालें. ग्रेफराट या भागांत मात्र काळ्या पाटीच्या दगडानें मढविलेलीं आणि हिरव्या झडपांचीं जुनीं घरें अजून दिसतात. तेथील जुन्या मठाच्या वास्तूंत पात्यांचें मोठें संग्रहालय आहे. परंतु आमचें लक्ष नदीकडे होतें.

वुपर नदी झाडींतून वळणें घेत वाहते. तिच्या कांठीं व ओढ्यांवर पातीं घांसण्याचीं घरें असत. त्यांस ‘कोट्टन’ म्हणतात. त्यांपैकीं ‘विपरकोट्टन’ येथें आम्ही गेलों. बाहेर लांकडी पाणचक्र फिरत होतें, आणि त्याच्या बळावर आंतील घांसण्याचे दगड. घरभर ओलसर वास आणि पट्ट्यांची फडफड. एक वृद्ध शिकलगार दगडापुढें वांकून बसला होता. पातें दगडास लावावें, क्षणांत उचलावें, न्याहाळावें, पुन्हां लावावें, असा त्याचा क्रम. दगड पाण्यानें भिजत होता.

पूर्वीं कारागीर अशा घरांतील एकेक जागा भाड्यानें घेत. घांसलेला माल गांवांत पोंचविण्याचें काम बायकांकडे असे. डोक्यावर जड टोपली घेऊन त्या चढ चढत. ऐकतांना आम्हांस कोंकणांतील कोळणींची आठवण झाली. एकोणिसाव्या शतकांत वाफेचें यंत्र आलें, पुढें वीज आली, आणि नदी सोडूनही घांसतां येऊं लागलें.

वस्तऱ्याचें काम सर्वांत नाजूक. पातें दोन्ही अंगांनीं लहान चाकांवर पोखरून इतकें पातळ करतात कीं, धार नखावर दाबली तर लवते. मग कातडें लावलेल्या लांकडी चकतीवर कुरुंदाच्या जातीची बारीक भुकटी व चरबी लावून त्यास झिलई देतात. पाश्चात्त्यांचा ‘कोरंडम’ हा शब्द आपल्याच देशांतून, तमिळमधून गेला. संस्कृतांतील ‘कुरुविंद’ त्याचाच नातलग.

परंतु या झिलईची किंमत वाचून मन खिन्न झालें. वालुकाश्माच्या दगडांची धूळ घांसणाऱ्यांच्या छातींत बसे, आणि कित्येक ऐन वयांत क्षयानें व श्वासानें खंगून जात. कधीं फिरता दगडच फुटून माणूस दगावे. वडील ज्या आरशासारख्या पात्यांत पाहून दाढी करीत, त्यांत कोणाचा श्वास मिसळला होता, हें आम्हांस साठी उलटल्यावर कळलें.

आम्ही आपला वस्तरा पुढें केला. वृद्धानें तो खिडकीशीं नेला आणि निळ्या कडेवर बोट ठेविलें. जावईबापूंनीं अर्थ सांगितला: पोलाद तापून पिवळें होतें तोंवर ठीक, सुमारें 300 अंशांपाशीं तें निळें पडतें, आणि मग दिलेलें पाणी जातें. जाड सुरी थोडी उष्णता सोसते. वस्तऱ्याची धार क्षणांत करपते. “मग यंत्र वाईट?” आम्ही विचारलें. तो हंसला व फिरत्या चक्राकडे बोट करून म्हणाला, “हेंही यंत्रच. पण हात केव्हां उचलावा, हें यंत्र सांगत नाहीं.”

चाळीस वर्षें शाळा करून आम्हांस हें परक्या गांवीं ऐकावें लागलें! कित्येक मुलांसही आम्ही असेंच घाईनें चमकवावयास गेलों असूं.

निळा भाग संपेपर्यंत धार मागें घेतली, तर खालीं पोलाद शाबूत असेल, असें त्यानें सांगितलें. तें काम त्यानेंच करावें, अशी आम्ही विनंती केली नाहीं.

आतां स्नानानंतर आम्ही परसांत ओला दगड घेऊन बसतों. रोज पंधरा मिनिटें, हातानेंच. निळी कड अर्धी गेली आहे. पातें तितकेंच अरुंद झालें आहे. नातू शेजारीं बसून दगडावर पाणी घालतो.