वाईला मुक्काम

दोन दिवस जोडून सुट्टी आली की आमच्याकडे उत्तर ठरलेलं असतं, महाबळेश्वर. पुण्याहून निघायचं, सुरूर फाट्याला वळायचं, वाईत ढोल्या गणपतीला हात जोडायचे, वीस मिनिटांत परत गाडीत आणि पसरणी घाट! वाई म्हणजे मधला थांबा. तुमचंही असंच असेल तर पुढचं तुमच्यासाठी. (चुलतभावंडांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं, कारण कळेलच.)

या खेपेला दोन रात्री आत्याकडे राहिले. घाटाजवळ आमचा जुना वाडा आहे. म्हणजे अर्धा आहे, अर्धा केव्हाच पडला. उरलेल्या अर्ध्यात ७८ वर्षांची आत्या एकटी राहते.

सकाळी सहाला उठून नदीवर गेले. ढोल्या गणपती समोरून सगळेच बघतात, एका दगडातली ती भव्य मूर्ती आहेच तशी. पण देवळाच्या मागे जाऊन बघा. मागची भिंत माशासारखी निमुळती होत गेलीय, पुराचं पाणी तिच्यावर आदळून दुभंगावं म्हणून. रास्त्यांनी १७६२ साली हे बांधलं, आणि कृष्णेचे किती पूर त्या भिंतीनं अंगावर घेतले असतील कोण जाणे. मी तिथे नुसती बसून होते. शेजारी धुणं चाललेलं, दोन पोरं पाण्यात उड्या मारत होती. माझ्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही, बरं वाटलं :)

दुपारी मेणवलीला, तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आणि चंद्रकोरीसारखा घाट. 'स्वदेस' (२००४) इथे चित्रित झाला, त्यामुळे फोटोंना गर्दी असते. घाटावरच्या देवळातली घंटा मात्र जरूर बघा. १७३९ साली चिमाजीआप्पांनी वसई जिंकली, तिथल्या चर्चची ही घंटा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे, आणि ती शांतपणे महादेवाच्या दारात टांगलेली आहे.

पण मला खरं कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम मुंबई-पुण्यात नाही, तर या तालुक्याच्या गावात बसून केलं. पहिला खंड १९७६ चा. आत्या तेव्हा शाळेत शिकवायची. "काही अडलं की विचारायला माणसं होती गं गावात," एवढंच म्हणाली.

तर मुद्दा असा. रविवारी सकाळी दोन मुली आमच्या दाराचा फोटो काढत होत्या. नक्षीचं दार, पितळी कड्या... गोड होत्या, विचारून काढला. त्या गेल्यावर आत्या म्हणाली, "दार छानच आहे. पण पावसाळ्यात फुगतं ना, मग उघडायला शेजारच्या पोराला हाक मारावी लागते."

वाडा बिल्डरला द्यायचा की नाही यावर आपल्या घरात दोन वर्षं फोनाफोनी चाललीय. निम्मे म्हणतात द्या, निम्मे म्हणतात, छे, इतका सुंदर वाडा! मीही दुसऱ्या गटातली. पण माजघरात दोन पातेली गळतीखाली मांडलेली बघितली आणि वाटलं, "देऊ नका" म्हणणाऱ्यांनी आधी कौलांचे पैसे काढावेत.

आत्याला विचारलं, तुला काय हवंय? दोन गोष्टी म्हणाली. पावसाच्या आधी कौलं चाळून घ्या आणि जिन्याखाली न्हाणीघर करून द्या, मला वर चढवत नाही. "मग तुम्ही काय ते ठरवा. पण मी असेपर्यंत कृष्णाबाईच्या उत्सवाला इथेच." माघ-फाल्गुनात हा उत्सव एकेका घाटावर होत जातो, सात घाट. आमच्या घाटाच्या पाळीला आत्या अजून भाजी चिरायला जाऊन बसते.

कौलं चाळणारा माणूस वैशाखात येईल म्हणालाय. माझा वाटा मी देऊन आलेय. बाकीच्यांनी आत्याला फोन करा, आणि जमलं तर या, पण मुक्कामाला. निघताना डबा बांधून द्यायला ती हल्ली विसरते, आणि मग दिवसभर हळहळत बसते. तेवढी आठवण करा.